विंचवाचं बिऱ्हाड

सदर : डोंगरवाटा



मागच्या अंकात बुटांविषयी लिहिलं होतं. त्यानंतर मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाबरोबर जे प्रश्न हातावर पडले, त्यांतले निम्म्याहून जास्त एकाच जातीचे होते. "बुटांचं कळलं हो, पण सॅक कुठली घ्यायची?" एका वहिनींचा मुलगा यंदा कॉलेजच्या स्की क्लबात शिरलाय आणि दर आठवड्याला फोनवर नवीन नाव आणि नवीन किंमत सांगतो. एका मित्राला उन्हाळ्यात रेनियरवर जायचंय. आणि एक काका तर सरळ म्हणाले, "मला एकच सांग. मी पैसे एकदाच खर्च करणार. ती डोंगरावर चालली पाहिजे, बर्फात चालली पाहिजे, आणि इंडियाला जाताना विमानातही डोक्यावरच्या कप्प्यात बसली पाहिजे."

काकांचा प्रश्न मला मनापासून आवडला. एका वस्तूकडून तीन कामं करून घेणं हे आपल्या रक्तातच आहे. ज्या पातेल्यात दूध तापतं त्यातच वरण शिजतं आणि पाहुणे आले की त्यातच चहाही होतो. तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकतो : होय, गिर्यारोहण आणि स्की टूरिंग या दोन्हींना चालेल अशी एक सॅक मिळते. ती साधारण ३५ ते ४० लिटरची असते, तिच्यावर फारशी कलाकुसर नसते, आणि दुकानात ती सगळ्यांत देखणीही दिसत नाही. पण आकडा सांगून काम भागत नाही. ती कशी ओळखायची, हे मी एका फजितीतून शिकलो. तीच आज सांगतो.

('पाठपिशवी' असा शब्द मराठीत आहे म्हणे. पण सह्याद्रीत हिंडलेल्या कुणाही माणसाने तिला 'सॅक' सोडून दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. तेव्हा सॅकच.)

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. स्की टूरिंग म्हणजे लिफ्टचं तिकीट न काढता स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि मग स्कीवरून उतरायचा. चढताना स्कीच्या तळाला 'स्किन' नावाची केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती खरोखरच सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर किंवा नायलॉनची असते. केस एकाच दिशेला झुकलेले, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. मांजराच्या पाठीवरून एकदा सुलटा आणि एकदा उलटा हात फिरवा, तत्त्व लगेच कळेल. (मांजर तुमचं असेल तरच करा.) वर पोचलं की पट्ट्या काढायच्या, मोकळ्या टाचा स्कीत अडकवायच्या आणि खाली सुटायचं. लिफ्टने जाणाऱ्याची काळजी घ्यायला खाली कँटीन असतं, स्की पॅट्रोल असतं. आपल्याला मात्र जेवण, कपडे, औषधं, सुटका सगळं पाठीवर. अगदी विंचवाचं बिऱ्हाड.

दोन मिनिटं दहा सेकंद

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. मी आणि माझी मुलगी, ती तेव्हा सतरा वर्षांची, हिमप्रपाताच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. इथे सिअॅटलहून तासाभरावर असलेल्या स्नोक्वाल्मी पासजवळ बर्फातला वर्ग होता. हिमप्रपात म्हणजे अॅव्हलांच. आमच्या कॅस्केड पर्वतात बर्फ ओला, जड आणि भरपूर पडतो, त्यामुळे लिफ्टच्या बाहेर जायचं तर हे शिकल्याशिवाय जाऊ नये, असं मुलीनेच मला बजावलं होतं.

प्रशिक्षकाने एका डफल बॅगेत बीकन घालून ती आमच्या नकळत बर्फात पुरून ठेवली होती. बीकन म्हणजे जॅकेटच्या आत अंगावर बांधायचं छोटं रेडिओ यंत्र. एरवी ते सारखा संदेश पाठवत असतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापली यंत्रं 'शोध'वर टाकायची आणि त्याच्याकडे जायचं. शिट्टी वाजली. मी पडलो इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. बाण आणि आकडे बघत बघत तीन मिनिटांच्या आत बरोबर जागेवर पोचलो. छाती फुगली. आता प्रोब, म्हणजे लांब घडीची सळई, बर्फात खुपसून बॅग नेमकी कुठे आहे ते बघायचं आणि फावड्याने खणायचं.

सॅक खाली उतरवली. माझी सॅक पन्नास लिटरची, वरून तोंड बांधायची, जुनी, लाडकी. तोंड उघडलं. सर्वांत वर सौ.ने दिलेला डबा : पोळीचे रोल आणि बटाट्याची भाजी. त्याखाली चहाचा थर्मास. त्याखाली जाड जॅकेट. मग जादा हातमोजे, औषधांची पिशवी, विजेरी. आणि सगळ्यांत तळाशी, 'जड वस्तू खाली' या माझ्या शास्त्रशुद्ध तत्त्वाप्रमाणे, फावड्याचं पातं. दांडा वेगळा, तो जॅकेटच्या घडीत अडकलेला. प्रोब आतल्या बाजूला उभी ठेवलेली, ती वर ओढली तर तिच्या पिशवीची नाडी थर्मासला गुंडाळलेली. शेवटी सॅक उलटी केली आणि सगळा संसार बर्फावर ओतला. डबा उतारावरून घरंगळत गेला तो वर्गातल्या एका भल्या माणसाने अडवला.

मी मान वर केली तेव्हा मुलगी प्रोब लावून खणायला लागलेली होती. तिची सॅक भाड्याची होती. तिला बाहेरून एक वेगळा सपाट कप्पा होता, त्यात फावडं आणि प्रोब, बाकी काही नाही. एक चेन ओढली की दोन्ही हातात.

प्रशिक्षक काही बोलला नाही. त्याने फक्त घड्याळ दाखवलं. सॅक खांद्यावरून उतरल्यापासून माझ्या हातात जोडलेलं फावडं येईपर्यंत दोन मिनिटं दहा सेकंद.

येताना गाडीत बराच वेळ दोघंही गप्प होतो. मग ती म्हणाली, "बाबा, त्या बॅगेच्या जागी मी असते तर?"

मी म्हटलं, "पुढच्या वेळी फावडं वर ठेवीन." ती म्हणाली, "वर नाही. वेगळं."

दोन मिनिटांनी एवढं काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदींवरून १९९४ साली एक आलेख प्रसिद्ध झाला. त्याचा मथितार्थ असा की, पूर्ण गाडलेल्या माणसांपैकी ज्यांना पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलं, त्यांच्यातले दहात नऊ जगले. पस्तीस मिनिटांपर्यंत हे प्रमाण तिघांत एकावर घसरलं. २०२४ साली स्विस नोंदींवरूनच झालेल्या नव्या अभ्यासाने ती सुरुवातीची सुरक्षित पंधरा मिनिटं जेमतेम दहावर आणून ठेवली. त्या दहात शोधायचं, प्रोब लावायची आणि मीटरभर खोल खणायचं, म्हणजे टनभर बर्फ उपसायचा. हेलिकॉप्टर एवढ्या वेळात येत नाही. जो बरोबर आहे तोच वाचवतो.

आणि इथेच एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडल्यासारखी शिरली. आपल्या सॅकमधलं फावडं आपल्यासाठी नसतंच. आपण गाडले गेलो तर ते आपल्याबरोबर गाडलं जाणार. माझं फावडं तिच्यासाठी, तिचं माझ्यासाठी. म्हणजे माझी सॅक चुकीची असली तर तिची किंमत मी देणार नाही, ती देणार. तेव्हापासून दुकानात गेल्यावर माझा पहिला प्रश्न लिटरचा किंवा रंगाचा नसतो. फावड्याला आणि प्रोबला वेगळा, बाहेरून उघडणारा कप्पा आहे का? नसेल तर ती सॅक कितीही सुंदर असो, हिवाळ्यासाठी ती बाद.

(आणि बीकन सॅकमध्ये कधीही ठेवू नका. सॅक अंगावरून निघून जाऊ शकते. ते अंगालाच.)

माप पाठीचं, उंचीचं नाही

दुसरा प्रश्न मापाचा. आपण शर्ट घेताना माप बघतो, बूट घेताना दहा वेळा घालून बघतो, आणि सॅक मात्र सेलमध्ये दिसली की उचलतो. सॅकचं माप उंचीवरून ठरत नाही, धडाच्या लांबीवरून ठरतं. मान पुढे झुकवा, मानेच्या मुळाशी एक हाड टोचेल. तिथून मोजपट्टी सुरू करा. दोन्ही हात कमरेवर ठेवा, भांडायला उभं राहिल्यासारखे, म्हणजे नितंबाच्या हाडाच्या वरच्या कडा अंगठ्यांखाली येतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ जिथे पाठीच्या कण्याला छेदते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचं माप. माझी उंची पाच फूट आठ इंच, पण धड सतरा इंचांचं. माझ्याहून दोन इंच बुटका एक मित्र आहे, त्याचं धड साडेअठरा. आम्ही एकमेकांच्या सॅका अदलाबदल करून बघितल्या आणि दोघंही दुपारपर्यंत कण्हत होतो.

हे एवढं महत्त्वाचं का, त्यामागे छान इतिहास आहे, आणि त्यातला एक तुकडा आपल्या शेजारचाच आहे. सिअॅटलसमोर खाडीपलीकडे ब्रेमर्टन आहे ना, तिथल्या लॉइड नेल्सन नावाच्या माणसाने अलास्कात काठ्यांवर सीलचं कातडं ताणलेली स्थानिक पाठचौकट वापरली. त्यावरून त्याने १९२०च्या दशकात लाकडी चौकटीची 'ट्रॅपर नेल्सन' सॅक काढली. चौकट आली, पण ओझं अजून खांद्यावरच. पुढे कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाचा सुतारकाम जाणणारा गृहस्थ मित्राबरोबर सिएरा पर्वतात हिंडत होता. चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली तर खांदे एकदम हलके होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. ओझं कमरेवर गेलं! १९५२पासून तो अॅल्युमिनियमच्या चौकटी आणि कमरपट्टा असलेल्या सॅका घरीच बनवून विकू लागला. चौकट तो करी, शिवणकाम त्याची बायको नीना. मग १९६७ साली ग्रेग लो याने चौकट पिशवीच्या आत नेली. बाहेरची चौकट लागली की डोंगर चढताना तोल जाई, आतली अंगाला चिकटून राहते. आज आपण विकत घेतो ती सॅक म्हणजे या तिघांची नातवंडं.

इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर ओझ्याचा मार्ग खांद्यातून कण्यात न जाता चौकटीतून सरळ नितंबाच्या हाडावर उतरला पाहिजे. म्हणून कमरपट्टा पोटावर नाही, त्या हाडाच्या कडेवर बसायला हवा. धड सतरा इंचांचं आणि सॅक वीस इंचांची असेल तर पट्टा खाली ओघळतो आणि सगळं परत खांद्यावर. दुकानात वीस-पंचवीस पौंड वजन घालायला सांगा. चांगल्या दुकानांत त्यासाठी वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. आधी कमरपट्टा आवळा, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅककडे तिरके जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. आणि वीस मिनिटं दुकानातच हिंडा, जिन्याने वर-खाली करा. लाजू नका. सिअॅटलच्या दुकानांना अशा लोकांची सवय आहे. १९३८ साली अँडरसन दांपत्याने ऑस्ट्रियाहून बर्फाची कुऱ्हाड मागवता मागवता सहकारी भांडार काढलं आणि त्यातून 'आरईआय' उभं राहिलं, ते याच गावात.

बायकांसाठी वेगळ्या सॅका असतात. त्या निव्वळ रंग बदलून विकलेल्या नसतात : खांद्याचे पट्टे अरुंद आणि वळणदार, कमरपट्ट्याचा कोन निराळा. पण लेबल बघू नका, अंग बघा. माझ्या मुलीला पुरुषी सॅक नीट बसते, आणि माझ्या एका बारीक चणीच्या मित्राला बायकांची. त्याने हे कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा नाव लिहीत नाही.

किती लिटर?

दिवसभराच्या टूरला काय लागतं ते मी जेवणाच्या टेबलावर मांडून बघितलं : फावडं, प्रोब, जाड जॅकेट, जादा हातमोजे, गॉगल, दीड लिटर पाणी, जेवण, प्रथमोपचार, विजेरी, स्की दुरुस्तीचं सामान, उतरताना काढलेल्या स्किन्स. हे सगळं ३० लिटरमध्ये बसतं. हिमनदीवर जायचं तर त्यात दोर, हार्नेस, क्रँपॉन, हेल्मेट आलं, म्हणजे ३५. एक रात्र मुक्काम, झोपायची पिशवी आणि वाटून घेतलेला तंबू धरला तर ४०, तेही शिस्तीने भरली तर. म्हणून ३५ ते ४०.

"मग पन्नासचीच घेऊ, जागा राहिली तर राहिली," असं आपलं मन म्हणतं. इंडियाच्या बॅगा भरणारं तेच हे मन. पण रिकामी जागा रिकामी राहत नाही. पन्नास लिटर दिसले की आपण दुसरा डबा घालतो. आणि खरंच अर्धी रिकामी ठेवली तर सामान आत हिंदकळतं. वळताना आपण डावीकडे जातो आणि सॅक उजवीकडे. चालताना हे नुसतं चीड आणतं, स्कीवर असताना पाडतं. म्हणून बाजूचे आवळपट्टे बघा. चाळीसची सॅक पंचवीसची होईपर्यंत चपटी करता आली पाहिजे. वरचं झाकण, आतली चौकट आणि कमरपट्टा सुटा करता येत असेल तर फारच उत्तम. तीच एक सॅक, झाकण ठेवून मुक्कामाला, झाकण काढून दिवसाच्या टूरला. काकांच्या 'एकात तीन'चं खरं उत्तर या सुट्या भागांत आहे.

कमरपट्ट्याबद्दल एक बारकावा. जाडजूड गादीचा पट्टा ट्रेकला सुखाचा, पण हार्नेस घातलं की दोन्ही एकाच जागेवर भांडतात. गिर्यारोहणासाठी पट्टा पातळ किंवा काढता येणारा हवा.

स्की पाठीवर

ज्या सॅकवर स्की बांधता येत नाही ती अर्धीच. गेल्या मे महिन्यात मी सेंट हेलन्सवर गेलो होतो. १८ मे १९८० रोजी स्फोट होऊन ज्याचं टोक उडालं तोच हा ज्वालामुखी, आता ८,३६३ फूट. मदर्स डेच्या रविवारी तिथे लोक झगे घालून चढतात, बायका आणि पुरुषसुद्धा. जुनी मौजेची प्रथा आहे. (सौ.ने विचारलं, नऊवारी चालेल का. मला वाटतं काष्टा असल्यामुळे जास्तच बरी.) मे महिन्यात खालच्या जंगलात बर्फ नसतं, त्यामुळे सुरुवातीची वाट कोरडी, आणि स्की पाठीवर. बाइंडिंगसकट जोडीचं वजन दहा ते चौदा पौंड. म्हणजे सॅक जवळजवळ दुप्पट होते.

बांधायच्या पद्धती दोन. एकीत डावी स्की डाव्या बाजूला, उजवी उजव्या बाजूला, वर टोकं एकत्र बांधायची, दिसायला 'ए' अक्षरासारखी. वजन दोन्हीकडे सारखं, पण टोकं डोक्याच्या वर जातात आणि प्रत्येक फांदीला रामराम करतात. दुसरीत दोन्ही स्की एकत्र बांधून तिरप्या अडकवायच्या : खाली एक घट्ट फास, वर खांद्याजवळ एक पट्टा. ही झटपट होते, चिंचोळ्या जागी बरी, पण उंची कमी असेल तर शेपट्या पोटऱ्यांना मारतात. मी सेंट हेलन्सवर पहिला तास पहिल्या पद्धतीने गेलो, दोनदा फांदीत अडकून मागे खेचला गेलो, मग दुसरीवर आलो. सॅकला दोन्हींची सोय असावी. आणि स्कीच्या कडा पोलादी असतात, सुरीसारख्या. ज्या ठिकाणी त्या कापडाला घासतात तिथे जाड दुहेरी कापड आहे ना ते बोटांनी चाचपून बघा. माझ्या जुन्या सॅकची बाजू अशीच एका मोसमात फाटली.

बर्फाच्या कुऱ्हाडीसाठी खाली फास आणि वर पकड लागते. एक पुरते, दोन असल्या तर बरं. टोक आतल्या बाजूला वळवा, मागून येणाऱ्याच्या डोळ्याचा विचार करा. क्रँपॉन बाहेर लोंबकळत ठेवू नका, पडलात तर स्वतःलाच टोचतील. जाड पिशवीत घालून आत ठेवा. दोरासाठी झाकणाखालून जाणारा एक पट्टा हवा. बस्स. बाकी जेवढे फास, कड्या, जाळ्या लोंबतात तेवढं बर्फात काहीतरी अडकतं.

उन्हाळी सुख, हिवाळी दुःख

आपल्या उन्हाळी सॅकांना पाठीशी ताणलेली जाळी असते, हवा खेळावी म्हणून. राजगड-हरिश्चंद्रगडाच्या उकाड्यात मला अशी मिळाली असती तर मी तिची पूजा केली असती. पण बर्फात सॅक खाली ठेवली की त्या जाळीत बर्फ भरतो, पाठीवर घेतली की वितळतो, आणि ओली पाठ वाऱ्यात गारठते. बर्फासाठी गुळगुळीत फोमची पाठ घ्या, झटकली की साफ.

सॅकचं तोंड कुठे असावं यावर डोंगरातल्या लोकांची भांडणं होतात. वरून उघडणारी साधी, हलकी, तिला बिघडायला काही नाही. पाठीकडून चेन असलेली सोयीची, कारण स्की बांधलेल्या असतानाही आतलं काढता येतं आणि पाठीचा भाग बर्फाला लागत नाही. पण चेन म्हटली की ती गोठणार, वाळू खाणार. स्की जास्त करणार असाल तर पाठीची चेन घ्या, कडे चढणार असाल तर वरचं तोंड. दोन्ही असलेल्या सॅका मिळतात, थोड्या जड असतात. कोणतीही घेतलीत तरी बकल आणि चेन जाड हातमोजे घालून उघडून बघा, तेही दुकानातच. विक्रेता हसला तर हसू द्या.

पाण्याच्या नळीचं कौतुक हिवाळ्यात विसरा, ती गोठते. साधी रुंद तोंडाची बाटली घ्या आणि उलटी ठेवा. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळे बूच मोकळं राहतं. आणि कोणतीही सॅक 'वॉटरप्रूफ' आहे असं म्हटलं तरी शिवणीतून पाणी येतंच. आतून एक जाड कचऱ्याची पिशवी घाला. पन्नास सेंटचा हा उपाय आमच्या वॉशिंग्टनच्या पावसात मला कधी दगा देत नाही.

एअरबॅगचं काय?

हा प्रश्न आता सगळे विचारतात. सॅकमध्येच मोठा फुगा असतो, बर्फ सुटला की खांद्याजवळची मूठ ओढायची, तो फुगतो. तत्त्व चिवड्याच्या डब्याचं. डबा हलवला की बारीक चुरा तळाशी जातो आणि मोठे शेंगदाणे-खोबऱ्याचे काप वर येतात. वाहत्या बर्फातही मोठा आकार वर राहतो. फुगा तुम्हाला खोबऱ्याचा काप करतो, एवढंच.

उपयोग आहे का? आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गंभीरपणे सापडलेल्या लोकांत फुगा फुगला असता मृत्यूचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ११ वर आलं. म्हणजे निम्मं, शून्य नव्हे. आणि साधारण पाचांत एकदा फुगा फुगलाच नाही, त्यातल्या बहुतेक वेळा मूठ ओढली गेली नाही म्हणून. शिवाय वजन साध्या सॅकच्या दुपटीहून जास्त, किंमत कित्येक पट, आणि दाबाच्या टाकीचा प्रकार असेल तर विमानप्रवासात कटकट. पंख्यावर चालणारे आता मिळतात, महाग. माझा सल्ला : पहिल्या सॅकचे पैसे वाचवा आणि ते प्रशिक्षणाच्या वर्गात घाला. वर्ग झाल्यावर, दोन मोसम गेल्यावर, एअरबॅगचा विचार करा. उलट क्रम नको. फुगा आहे म्हणून जो उतार एरवी टाळला असता तिथे जाणारे लोक मी बघितले आहेत.

दुकानात जाताना

कात्रण करून पाकिटात ठेवायचं असेल त्यांच्यासाठी :

१. फावडं आणि प्रोब यांना बाहेरून उघडणारा वेगळा कप्पा.
२. धडाचं माप घरी घेऊन जा. कमरपट्टा हाडावर बसला पाहिजे.
३. ३५ ते ४० लिटर, आवळून लहान होणारी. सॅकचं स्वतःचं वजन तीन पौंडांच्या आसपास.
४. झाकण आणि कमरपट्टा सुटे होतात का?
५. स्की दोन्ही प्रकारे बांधता येतात का? तिथे कापड जाड आहे का?
६. गुळगुळीत पाठ, हातमोज्यांतून उघडणारी बकलं, छातीच्या पट्ट्यावर शिट्टी.
७. स्वतःचं सामान घेऊन जा आणि तिथेच भरून बघा.

किंमत दोनशे डॉलरच्या आगेमागे पडते. वापरलेली मिळाली तर जरूर घ्या, फक्त शिवणी आणि बकलं तपासा. पहिल्या मोसमात भाड्याने घेतलीत तर सगळ्यांत उत्तम. माझ्या मुलीने तेच केलं आणि बापापेक्षा शहाणी ठरली.

काका, विमानाचं राहिलं. चाळीस लिटरची सॅक झाकण काढून बहुधा कप्प्यात बसते. कुऱ्हाड आणि क्रँपॉन मात्र सामानात द्या, नाहीतर विमानतळावरच गिर्यारोहण संपेल.

मी पुढच्याच महिन्यात सॅक बदलली. ३८ लिटर, करडा रंग, सौ.च्या मते "एवढे पैसे देऊन रंग तरी बरा घ्यायचा." आता हिवाळा सुरू झाला की आमच्या दिवाणखान्यात एक कवायत असते. सौ. हातात घड्याळ घेऊन सोफ्यावर बसते, "हं!" म्हणते, आणि आम्ही बापलेक सॅक उतरवून फावडं जोडतो. यंदा माझे एकवीस सेकंद झाले, मुलीचे चौदा. डबा अजूनही सर्वांत वर असतो, त्यात तडजोड नाही. पण फावडं वेगळं असतं.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण फिरस्त्या माणसाबद्दल वापरतो, ज्याचं घर नाही, दार नाही. पण विंचवीण खरोखर पाठीवर काय वाहते, माहीत आहे? तिची पिल्लं. जन्मल्यापासून पहिली कात टाकेपर्यंत ती त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. आमची पिल्लं आता पाठीवर मावत नाहीत, उलट पुढे जाऊन वर थांबतात आणि "बाबा, किती वेळ?" म्हणून ओरडतात. त्यांच्यासाठी पाठीवर वाहण्यासारखं एक फावडंच उरलंय. ते हाताशी असू द्या.

पुढच्या अंकात हिमप्रपाताचा रोजचा अंदाज कसा वाचायचा ते बघू. तोवर आपलं माप घेऊन ठेवा. भेटूच!